कडकनाथ कोंबडीतील रंगभेद

मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर आणि धार भागांत भिल्ल व भिलाला समाजांनी सांभाळलेली कडकनाथ ही देशी कोंबडीची जात. स्थानिक नाव कालामासी, म्हणजे काळ्या मांसाची. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पिसांवरून हिचे तीन प्रकार मानतात : गडद काळा, पांढुरक्या रेघांचा पेन्सिल्ड आणि सोनेरी. मुंबईच्या बाजारात मात्र गिऱ्हाईक काळी पिसे दिसली की कडकनाथ समजते. ही कसोटी टिकत नाही. काळ्या पिसांची गावठी कोंबडी कडकनाथ नसते, आणि मानेवर सोनेरी झाक असलेली कडकनाथ अस्सल असू शकते.

कारण पिसांचा रंग आणि अंगाचा काळेपणा यांची जनुके वेगळी आहेत. पिसांत काळा रंग किती पसरावा, हे मुख्यतः एमसी१आर जनुक ठरवते. सोनेरी की रुपेरी, हे झेड या लिंगगुणसूत्रावरील दुसऱ्या जनुकावर अवलंबून असते. पीस पूर्ण काळे असेल तर तो फरक झाकला जातो. कातडी, हाडांवरचे आवरण आणि आतड्यांभोवतीचे पडदे काळे होतात ते विसाव्या गुणसूत्रावरील एका तुकड्याच्या दुप्पट होण्यामुळे. त्यात एंडोथेलिन-३ या प्रथिनाचे जनुक असते. त्याची जादा प्रत रंगपेशींची वाढ आणि फैलाव वाढवते. चीनच्या सिल्की आणि इंडोनेशियाच्या अयाम सेमानी या जातींतही हाच बदल आहे.

हा काळेपणा रोखणारे एक प्रभावी जनुकही झेडवरच असते. कोंबड्याला दोन झेड, कोंबडीला एकच, आणि तोही बापाकडून आलेला. म्हणून कडकनाथ कोंबडा फिकट कातडीच्या, हे रोधक जनुक असलेल्या कोंबडीवर सोडला, तर माद्या काळ्या आणि नर फिकट निघतात. जोडी उलटी केली तर सगळीच पिल्ले फिकट. सिल्कीवर हेच बेटसन आणि पनेट या आनुवंशशास्त्रज्ञांनी १९११ मध्ये दाखवले. संकराच्या पहिल्या पिढीतली मादी कडकनाथ म्हणून सहज खपते, त्यामुळे पैदाशीसाठी पक्षी घेणाऱ्याने नुसत्या रंगावर विसंबू नये.

मुंबईत कोंबडी बहुधा सोलूनच मिळते, तेव्हा पिसे आणि कातडी दोन्ही गेलेली असतात. अशा वेळी हाडांवरचे आवरण, स्नायूबंध आणि श्वासनलिका पाहावी. तिथे काळेपणा स्पष्ट दिसतो. रक्त लालच असते आणि अंडी फिकट बदामी. काळी अंडी कडकनाथची म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नयेत.