घोरतोय म्हणजे झोपलाय असं नाही

आमच्या मामांचे कॅन्सरचे उपचार परळला चालू होते तेव्हा दुखण्यासाठी फेंटानिलची पट्टी मिळाली होती, अंगावर चिकटवायची, एक पट्टी ७२ तास चालते. मामी शेक द्यायला गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या तर नर्स केवढ्यांदा ओरडली! उष्णतेने पट्टीतलं औषध भराभर अंगात उतरतं ना, आणि हे औषध मॉर्फिनच्या साधारण १०० पट जोरदार, हेरॉइनच्या (आपल्याकडच्या गर्दमध्ये असतं तेच) ५० पट. सवय नसलेला माणूस २ मिलिग्रॅममध्येसुद्धा जाऊ शकतो, म्हणजे मिठाचे मोजके कण फक्त.

पण माणूस मरतो तो नक्की कशाने? श्वासाने. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू आपल्याला श्वास घ्यायला लावतो, ही औषधं तीच यंत्रणा सुस्त करतात. त्यामुळे गुदमरतोय तरी तडफड नाही काही नाही, माणूस शांत पडलेला, घशातून घरघर, आणि आजूबाजूचे म्हणतात "प्यायलाय, झोपू दे". इथेच घात होतो. हलवून, हाका मारून उठत नाही, श्वास अगदी हळू, ओठ निळे, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, असं दिसलं की आधी १०८ लावा. लिंबूपाणी तर अजिबात नको, बेशुद्ध माणसाच्या फुफ्फुसात जाईल. अंगावर पट्टी असेल तर काढा. डोकं मागे करून, नाक दाबून दर ५-६ सेकंदांनी तोंडाने एक श्वास द्या, श्वासच बंद आणि नाडी लागत नसेल तर छाती दाबायला घ्या. स्वतः नीट श्वास घेत असेल तर कुशीवर वळवा आणि लक्ष ठेवा.

यावर उतारा आहे, नालोक्सोन. मेंदूत जिथे फेंटानिल चिकटलेलं असतं तिथून त्याला ढकलून स्वतः बसतो, काही मिनिटांत माणूस श्वास घ्यायला लागतो, बघणाऱ्याला चमत्कारच वाटेल. गंमत अशी की त्याचा असर ३० ते ९० मिनिटंच टिकतो आणि पट्टी काढली तरी कातडीत साठलेलं औषध कित्येक तास रक्तात उतरत राहतं, म्हणजे उठून बसलेला, चहा मागणारा माणूस परत आडवा होऊ शकतो. म्हणून "आता बराय, घरी नेतो" म्हणायचं नाही, हॉस्पिटलात थांबायचंच.

वापरलेल्या पट्टीतही औषध उरतं हो. मामी ती चिकट बाजू आत दुमडून डब्यात ठेवायच्या, डबा कपाटाच्या वर, कारण घरात तीन वर्षांचा नातू होता आणि त्याला स्टिकरचं भारी वेड.