रिचीनंतर मॅनिक्सचं काय झालं?

‘रिची एडवर्ड्स बेपत्ता झाला आणि मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स संपले’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते खरं नाही, आणि या रॉक बँडमधल्या उरलेल्या तिघांवर अन्याय करणारं आहे.

दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातल्या ब्लॅकवुडचा हा बँड. त्यातला गीतकार-गिटारवादक रिची १ फेब्रुवारी १९९५ला बेपत्ता झाला, तो सापडलाच नाही. पण त्याचं बँडमधलं काम मुख्यतः शब्दांचं होतं. रेकॉर्डवरची गिटार जवळपास सगळी जेम्स डीन ब्रॅडफील्डची, चाली त्याच्या आणि शॉन मूरच्या. निकी वायर रिचीसोबत गीतं लिहायचाच. म्हणजे संगीत घडवणारे हात जागेवरच होते.

रिचीच्या घरच्यांशी बोलून तिघं पुन्हा उभे राहिले. १९९६मध्ये ‘एव्हरीथिंग मस्ट गो’ हा अल्बम आला आणि पुढच्या वर्षी ब्रिट या ब्रिटिश संगीत पुरस्कारांत सर्वोत्तम ब्रिटिश बँड व अल्बम हे दोन्ही मान त्यांना मिळाले. ब्रिटनमधलं त्यांचं पहिलं क्रमांक एकचं गाणं १९९८चं, दुसरं २०००चं. ‘दि अल्ट्रा व्हिव्हिड लॅमेंट’ हा अल्बम तर २०२१मध्ये तिथे अव्वल ठरला.

याउलट ‘त्यांनी रिचीला विसरून यश मिळवलं’ असंही बोललं जातं. मला हे जास्त लागतं. ‘एव्हरीथिंग मस्ट गो’मधल्या १२पैकी ५ गाण्यांत रिचीचे शब्द आहेत. २००९चा ‘जर्नल फॉर प्लेग लव्हर्स’ हा अल्बम तर त्याने मागे ठेवलेल्या लिखाणावरच उभा आहे.