एत्सिओ पिंत्सा यांच्या ध्वनिमुद्रिका : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

जुन्या तबकड्यांची खरेदी-विक्री, त्यांची स्वच्छता आणि त्यांवरील आवाज संगणकीय स्वरूपात उतरवून देणे हा आमचा व्यवसाय आहे. हिंदुस्थानी संगीत आणि नाट्यसंगीत हे आमच्या कामाचे मुख्य अंग असले, तरी युरोपीय ऑपेराच्या तबकड्यांची चौकशी करणारे ग्राहकही नियमित येतात आणि त्यांतले बरेच जण इटालियन बास गायक एत्सिओ पिंत्सा यांचे नाव घेऊन येतात. कोणत्या काळातला आवाज ऐकावा, आणि एकच कृती त्यांनी दोनदा मुद्रित केली असेल तर कोणते मुद्रण निवडावे, या प्रश्नांची उत्तरे दुकानात उभ्याउभ्या देता येत नाहीत. म्हणून ती येथे सविस्तर दिली आहेत.

पुरुषांच्या आवाजांतील सर्वांत खालच्या पट्टीच्या आवाजाला ऑपेरात बास म्हणतात. राजे, धर्मगुरू, वृद्ध पिते आणि सैतान या भूमिका बहुधा याच आवाजाच्या वाट्याला येतात. पिंत्सा यांचा जन्म १८ मे १८९२ रोजी रोममध्ये झाला, बालपण रावेन्नात गेले आणि गायनाचे शिक्षण बोलोन्यात झाले. १९१४ साली सोन्चीनो या लहानशा गावी बेल्लिनी यांच्या ‘नॉर्मा’ या ऑपेरातील ओरोवेझो या मुख्य पुरोहिताच्या भूमिकेतून ते रंगमंचावर आले. त्यानंतरची वर्षे पहिल्या महायुद्धात सैन्यात गेली. पुढे मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनी यांच्या हाताखाली ते घडले, आणि १ नोव्हेंबर १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांचे पदार्पण झाले. तेथे १९४८ पर्यंत, २२ हंगामांत, त्यांनी ५० ऑपेरांचे ७५० हून अधिक प्रयोग केले. ९ मे १९५७ रोजी त्यांचे निधन झाले.

ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांची कारकीर्द आणि ध्वनिमुद्रणाच्या तंत्रातील मोठे बदल एकाच काळात घडले. कर्ण्यापासून लाँग प्ले तबकडीपर्यंतच्या प्रत्येक पायरीवर हा आवाज नोंदला गेला आहे. त्यामुळे दोन तबकड्यांतला आवाज वेगळा वाटला, तर त्यातला किती फरक गळ्याचा आणि किती यंत्राचा, हे आधी ओळखावे लागते.

कर्ण्यासमोरचा खर्ज

पिंत्सा यांच्या सर्वांत जुन्या तबकड्या १९२३-२४ च्या सुमारास मिलानमध्ये ‘हिज मास्टर्स व्हॉइस’साठी मुद्रित झाल्या. तेव्हा मुद्रणासाठी मायक्रोफोन वापरात आलेला नव्हता. गायक मोठ्या कर्ण्यासमोर उभा राहून गात असे, त्याच्या आवाजाने कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरत असे आणि ती थरथर सुईवाटे मेणाच्या जाड चकतीवर कोरली जात असे. या पद्धतीत मधले स्वर बरे उतरत. सेकंदाला सुमारे २०० कंपनांच्या खालचे स्वर मात्र फार क्षीण होत. बास गायकाचा खालचा ‘फा’ सेकंदाला सुमारे ८७ कंपनांचा असतो. म्हणजे तो मूळ स्वर अशा तबकडीवर जवळजवळ नसतोच. त्याच्या वरच्या उपस्वरांवरून आपला कान तो भरून काढतो. आपल्याकडच्या त्या काळातल्या तबकड्यांत तबल्याची चाट ऐकू येते आणि डग्गा मात्र हरवतो, याचेही कारण हेच आहे.

म्हणून या पहिल्या तबकड्या ऐकून ‘आवाज पातळ आहे’ असा निष्कर्ष काढू नये. त्यांतून तरुण पिंत्सा यांचा दमसास कळतो, शब्द स्वच्छ टाकण्याची सवय कळते. आवाजाचे वजन कळत नाही. आमच्या मते या तबकड्या संग्राहकासाठी मोलाच्या आहेत, पण पिंत्सा प्रथमच ऐकणाऱ्याने येथून सुरुवात करू नये.

१९२७ ते १९३० : आधी हे घ्यावे

१९२५ साली मायक्रोफोनने मुद्रण करण्याची विद्युत पद्धत बाजारात आली आणि तिचा सर्वाधिक लाभ खालच्या पट्टीच्या गायकांना झाला. १९२७ ते १९३० या काळात पिंत्सा यांनी ‘व्हिक्टर’ कंपनीसाठी अमेरिकेत केलेली मुद्रणे हा त्यांच्या वारशाचा गाभा आहे, असे आम्ही निःशंकपणे सांगतो. वय पस्तिशीच्या आसपास, आवाज पूर्ण पिकलेला, वरच्या स्वरांवर कोठेही ताण नाही आणि खर्जात उतरताना गोलाई कायम, अशी ही अवस्था आहे. बेल्लिनी आणि व्हेर्दी यांच्या लांबलचक ओळी एका श्वासात, एका स्वरावरून दुसऱ्यावर सांधा न दिसू देता कशा गाव्यात, याचा हा वस्तुपाठ आहे. आपल्याकडे ज्याला मींड म्हणतात त्याहून ही क्रिया निराळी आहे, कारण येथे स्वर घसरत नाही, तो पुढच्या स्वरात मिसळतो. पण मींड ऐकण्याची सवय असलेल्या कानाला या गायकीतले सौंदर्य चटकन सापडते, असा आमचा ग्राहकांबाबतचा अनुभव आहे.

या काळातील सहगायनाच्या तबकड्यांकडे ग्राहकांचे लक्ष कमी जाते, याचे आम्हाला वाईट वाटते. १९२८ साली व्हेर्दी यांच्या ‘ला फोर्त्सा देल देस्तीनो’मधील प्रार्थना रोझा पोन्सेल यांच्याबरोबर मुद्रित झाली. तीत पिंत्सा मठाधिपतीच्या भूमिकेत आहेत, आणि पोन्सेल यांचा स्वर वर तरंगत असताना खालचा आवाज ज्या संयमाने तिला आधार देतो, तो संयम कोणत्याही एकल गीतात ऐकायला मिळणार नाही. १९३० साली ‘ई लोम्बार्दी’मधील त्रिगीत एलिझाबेथ रेथबर्ग आणि बेनियामिनो जिल्यी यांच्याबरोबर झाले. मरणोन्मुख माणसाला दीक्षा देण्याचा हा प्रसंग आहे. तीन मोठे आवाज एकाच मुद्रणात असूनही कोणी कोणावर मात करीत नाही.

एक ‘रेक्विएम’, दोन मुद्रणे

आमच्याकडे सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न व्हेर्दी यांच्या ‘रेक्विएम’विषयी असतो, कारण पिंत्सा यांनी ही मृतांसाठीची प्रार्थना दोनदा संपूर्ण मुद्रित केली. पहिले मुद्रण १९२९ साली मिलानमध्ये, ला स्कालाच्या गायकवृंदासह, कार्लो साबाइनो यांच्या संचालनाखाली झाले. दुसरे ऑगस्ट १९३९ मध्ये रोम येथे तुल्लिओ सेराफिन यांच्या संचालनाखाली झाले, आणि त्यात मारिया कानिल्या, एबे स्तिन्यानी व जिल्यी हे सहगायक आहेत. त्यानंतर काही दिवसांतच युरोपात युद्ध पेटले.

ऐंशीहून अधिक मिनिटांची ही कृती तबकडीच्या एका बाजूला मावणाऱ्या चार-साडेचार मिनिटांच्या तुकड्यांत गावी लागे, त्यामुळे प्रत्येक मुद्रण सुमारे वीस बाजूंचे होते. दर वेळी थांबायचे, नवी मेणाची चकती लावायची आणि मनाची तीच अवस्था पुन्हा आणायची, हे गायकांना कसे साधले असेल याचे आम्हाला आजही नवल वाटते. ‘मोर्स स्तुपेबित’ हा बास गायकाचा भाग दोन्हींत आवर्जून ऐकावा. न्यायदिनाच्या तुताऱ्यांचा कल्लोळ एकदम थांबतो आणि ‘मृत्यूही थक्क होईल’ या अर्थाचे शब्द जवळजवळ कुजबुजत येतात. शेवटी ‘मोर्स’ म्हणजे ‘मृत्यू’ हा एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला जातो, आणि प्रत्येक उच्चारानंतर शांतता असते. १९२९ च्या मुद्रणात पिंत्सा यांचा आवाज अधिक ताजा आहे. १९३९ मध्ये तो किंचित जड झालेला आहे, पण त्या शांततेला जो भार येतो तो पहिल्या मुद्रणात नाही. एकच घ्यायचे असेल तर सहगायकांचा विचार करता १९३९ चे घ्यावे. पिंत्सा हेच कारण असेल तर १९२९ चे.

याच जागी आमच्या कामाची एक पद्धत सांगणे आवश्यक आहे. तबकडीची खरखर संगणकाने पूर्ण पुसून टाकता येते, आणि बाजारात मिळणाऱ्या कित्येक प्रतींत ती तशी पुसलेली असते. परंतु खरखरीबरोबर सभागृहाची आस आणि स्वर विरत जातानाची शेवटची लकेरही पुसली जाते, आणि ‘मोर्स’नंतरची ती जिवंत शांतता केवळ रिकामी जागा होऊन बसते. म्हणून आम्ही प्रत्येक ग्राहकाला दोन प्रती देतो : एक जशीच्या तशी, आणि दुसरी फक्त मोठे टकटक आवाज काढलेली.

रंगमंचावरचे पिंत्सा

मुद्रणकक्षातील तबकड्यांत गायक भेटतो, नट भेटत नाही. त्यासाठी मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या शनिवार दुपारच्या नभोवाणी प्रक्षेपणांकडे वळावे लागते. ही प्रक्षेपणे डिसेंबर १९३१ मध्ये सुरू झाली, आणि त्यांतील बरीचशी त्या वेळी थेट चकत्यांवर कोरून घेतल्यामुळे टिकली. १९३५ चे ‘सिमोन बोक्कानेग्रा’ आणि १९३७ चे ‘नॉर्मा’ ही दोन्ही ऐकण्यासारखी आहेत, पण सर्वांत महत्त्वाचे प्रक्षेपण ७ मार्च १९४२ चे. त्या दुपारी ब्रुनो वॉल्टर यांच्या संचालनाखाली मोझार्ट यांचे ‘डॉन जोव्हान्नी’ झाले. नायक पिंत्सा, त्याचा नोकर लेपोरेल्लो दुसरे थोर बास अलेक्झांडर किप्निस. दोन खोल आवाज एकमेकांवर कुरघोडी करतात, प्रेक्षक हसतात, आणि पिंत्सा संवादाच्या ओळी बोलण्याच्या इतक्या जवळ नेतात की भाषा न कळणाऱ्यालाही प्रसंग कळतो. १९३७ साली साल्झबर्ग महोत्सवात वॉल्टर यांच्याच बरोबर त्यांनी गायलेल्या मोझार्टच्या ऑपेरांची मुद्रणेही टिकून आहेत.

न्यूयॉर्कच्या त्या प्रयोगानंतर पाचव्या दिवशी, १२ मार्च १९४२ रोजी, शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पिंत्सा यांना अटक झाली आणि जवळजवळ तीन महिने न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर स्थानबद्ध राहावे लागले. कोणताही खटला न चालता ते जूनमध्ये सुटले. त्याच वर्षी ऑगस्टपासून अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने मुद्रणावर बहिष्कार घातला. या वर्षांतल्या तबकड्या फारशा का सापडत नाहीत, असे ग्राहक विचारतात, त्याचे एक मोठे कारण हा बहिष्कार आहे.

नंतर ‘कोलंबिया’साठी वॉल्टर यांच्याबरोबर १९४६ साली मोझार्टची एकल गीते झाली, तसेच मुसोर्गस्की यांच्या ‘बोरिस गोदुनोव’मधील प्रवेश इटालियन भाषेत झाले. चौपन्नाव्या वर्षी खालचे स्वर थोडे कोरडे झाले आहेत. जाण मात्र वाढली आहे.

‘साउथ पॅसिफिक’विषयी सावधगिरी

ऑपेरा सोडल्यावर पिंत्सा ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, गेले. ७ एप्रिल १९४९ रोजी ‘साउथ पॅसिफिक’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला, त्याच महिन्यात मूळ नटसंचाची ध्वनिमुद्रिका तयार झाली आणि ती अमेरिकेतील विक्रीच्या यादीत ६९ आठवडे अग्रस्थानी राहिली. ऑपेराचा परिचय नसलेल्यांच्या घरी त्यांचा आवाज पोहोचला तो याच ध्वनिमुद्रिकेमुळे. खरेदी करताना ‘मूळ ब्रॉडवे नटसंच’ असे शब्द वेष्टणावर पाहून घ्यावेत, कारण याच नावाच्या १९५८ च्या चित्रपटाच्या तबकड्या अधिक सहज मिळतात आणि त्यांत पिंत्सा नाहीत. तोपर्यंत ते हयात नव्हते, आणि पडद्यावरील नायकासाठी जॉर्जिओ तोत्झी यांनी पार्श्वगायन केले आहे.

तबकडी घरी असेल तर

पिंत्सा यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या आहेत. त्या काळी जगाला लागणारी बहुतेक लाख भारतातल्या पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवरून जात असे, त्यामुळे न्यू जर्सीत ठसा उमटलेल्या तबकडीतला हा पदार्थ मूळचा आपल्याकडचाच असण्याचा संभव मोठा आहे. लाख मद्यार्कात विरघळते. म्हणून लाँग प्लेसाठी विकले जाणारे मद्यार्कयुक्त द्रावण अशा तबकडीवर कधीही वापरू नये. ऊर्ध्वपातित पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरेसे असतात. मधला कागद भिजू देऊ नये. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशी धरते, त्यामुळे त्या कोरड्या कागदी पाकिटांत उभ्या ठेवाव्यात.

लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, आणि तिला सुमारे ७० ते ७५ मायक्रॉनची सुई लागते; लाँग प्लेची २५ मायक्रॉनची सुई लावल्यास ती खाचेच्या तळाशी घसटत जाते आणि खरखर दुप्पट वाटते. फिरण्याचा वेगही तपासावा. कर्ण्याच्या काळातील तबकड्या नेहमी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्याच असतात असे नाही, आणि वेग थोडा जरी वाढला तरी बासचा आवाज वरच्या पट्टीच्या पुरुषी आवाजासारखा वाटू लागतो. आम्ही पियानोवर मूळ पट्टी ताडून वेग ठरवतो. ग्राहकाने सोबत बसून ते पाहावे अशी आमची इच्छा असते.

तबकडी फुटली असेल तर घरी डिंक लावू नये. बारीक कपचीसुद्धा न टाकता सगळे तुकडे एका पाकिटात, एकमेकांवर घासणार नाहीत असे कागदात गुंडाळून आणावेत. खाचा जुळत असतील तर त्यांवरील आवाज बहुधा उतरवता येतो.