घरातील आगीतून सुटकेचा आराखडा

घराला आग लागल्यास प्रत्येकाने कोणत्या वाटेने बाहेर पडावे, लहान मुलांना व वृद्धांना कोणी सोबत घ्यावे आणि बाहेर आल्यावर कोठे जमावे, हे आधी ठरवून त्याचा सराव करणे म्हणजे सुटकेचा आराखडा. हे शिक्षण बहुधा शाळकरी मुलांमार्फत कुटुंबापर्यंत पोहोचवले जाते. शिकागो शहरातील १८७१ च्या आगीच्या स्मरणार्थ अमेरिकेत ऑक्टोबरात पाळल्या जाणाऱ्या सप्ताहातून त्याचा प्रचार होतो. भारतात १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असून, १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात मृत्युमुखी पडलेल्या जवानांचे त्यात स्मरण केले जाते. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या अग्निसुरक्षेबाबत आदेश दिले. त्यांचा रोख शाळेच्या इमारतीवर आहे. मूल रात्री जेथे झोपते ते घर त्यांच्या कक्षेबाहेर राहते.

शिक्षणाची सुरुवात घराच्या नकाशापासून होते. परिसर अभ्यासात दिशा व नकाशा शिकलेली मुले आपल्या घराचा आराखडा काढतात आणि प्रत्येक खोलीतून बाहेर पडण्याच्या दोन वाटा त्यावर दाखवतात. ही दुसरी वाट शोधताना खरी अडचण उघड होते. सांगलीच्या गावभागातील किंवा साताऱ्याच्या जुन्या पेठांतील वाड्याला परसदार असले, तरी ते अडगळीने भरलेले किंवा कुलूपबंद असू शकते. लाकडी जिना आणि माळाही आगीला लवकर बळी पडतात. नव्या बंगल्यांत व सदनिकांत चोरांच्या भीतीने खिडक्यांना पक्के गज आणि दाराला लोखंडी सरकते जाळीदार दार बसवले जाते, म्हणजे चोराला अडवणारी योजना घरच्यांनाही अडवते. यावर उपाय अवघड नाही: निदान एका खिडकीच्या गजांना आतून उघडणारी झडप ठेवावी आणि दाराची किल्ली रात्री अंधारातही हाताला लागेल अशा ठरलेल्या खुंटीवर असावी. हे काम मुलाच्या हातचे नाही, म्हणूनच नकाशा पालकांसमोर ठेवणे हा या शिक्षणाचा सर्वांत उपयुक्त भाग मानावा लागतो. धूर जिन्यातून वर चढत असल्याने गच्ची ही सुटकेची वाट आपोआप ठरत नाही. बाहेरून जिना किंवा शेजारच्या गच्चीवर जाण्याची सोय असेल, तरच ती नकाशात धरावी.

धुराबद्दलची माहिती मुलांना करून दाखवावी लागते. आगीत ज्वाळांपेक्षा धुरानेच अधिक माणसे दगावतात. गरम धूर वर साचतो आणि श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत राहते, त्यामुळे रांगत बाहेर पडावे. बंद दार उघडण्यापूर्वी त्याला हाताची मागील बाजू लावून पाहावी. ते गरम असेल तर दुसरी वाट धरावी. घाबरलेली लहान मुले पलंगाखाली किंवा कपाटात लपतात, हे अग्निशमन जवानांना चांगले ठाऊक असते. म्हणून लपायचे नाही, हे वारंवार सांगावे. कपड्यांनी पेट घेतल्यास पळू नये, जमिनीवर लोळावे. गॅसचा वास आल्यास विजेच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ क्रमांकावर कळवावे; आगीसाठी १०१ किंवा ११२ हे क्रमांक आहेत.

खेड्यातील घरांना वेगळा विचार लागतो. गोठा आणि कडब्याची गंज घराला लागून असल्यास जनावरांची दावी कोणी सोडायची, हे मोठ्यांपैकी एकाकडे नेमून द्यावे, नाहीतर मुले वासरासाठी मागे धावतात. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पाचटाने व ताडपत्रीने शाकारलेल्या असतात. तेथे नकाशाला फारसा अर्थ उरत नाही, कारण कोपीला एकच तोंड असते. अशा ठिकाणी चूल कोपीच्या तोंडापासून दूर मांडणे आणि दोन कोप्यांत मोकळे अंतर सोडणे हेच शिकवण्याजोगे असते.

सराव वर्षातून किमान दोनदा, त्यांपैकी एकदा रात्री दिवे मालवून करावा. जमण्याची जागा घरापासून दूर पण ओळखीची, उदाहरणार्थ गल्लीच्या तोंडाचा पार किंवा देऊळ, असावी आणि तेथे डोकी मोजावीत. दिवाळीत पाहुणे आले, उन्हाळ्यात घरचे गच्चीवर झोपू लागले किंवा एखाद्या खोलीत भाडेकरू आला, तर आराखडा पुन्हा काढावा लागतो.