दख्खनचा कातळ आणि त्यातून निसटलेले वायू

खडकांच्या ओढीने भूशास्त्राकडे वळलेला प्राध्यापक पुढे सगळी उमेद वायू मोजण्यात घालवतो, हे ऐकायला चमत्कारिक वाटेल. पाणी, कार्बन, गंधक, क्लोरीन, हेलियम ही बाष्पनशील, म्हणजे सहज वायुरूप होणारी, द्रव्ये पृथ्वीच्या पोटात जातात कशी आणि बाहेर येतात कशी, हा अभ्यासच तसा आहे.

विल्यम रूबी या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये एक हिशेब मांडला. खडकांच्या झिजेतून मिळू शकेल त्याहून कितीतरी जास्त पाणी, कार्बन आणि क्लोरीन समुद्रात व हवेत आहे. हा जादा साठा पृथ्वीच्या पोटातूनच हळूहळू आला असावा. भूपट्टांचा सिद्धान्त रुजल्यावर परतीची वाटही कळली. समुद्रतळ खाली सरकताना पाणी आणि चुनखडी सोबत नेतो, त्यातले काही ज्वालामुखींवाटे परततात, उरलेले खोल जातात. किती खोल? २०१४ मध्ये ब्राझीलच्या एका हिऱ्यात रिंगवुडाइटचा कण सापडला. हे खनिज पाचशे किलोमीटरच्याही खाली तयार होते आणि त्या कणात वजनाने सुमारे दीड टक्का पाणी होते.

पुण्याचा कातळ मात्र बराच काळ फक्त दगड म्हणूनच वाचला गेला. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात दख्खनच्या लाव्हाथरांचे वर्णन केले. १९८० च्या दशकात रासायनिक घटकांवरून थरांची विभागणी झाली आणि पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर ही थरसमूहांची नावे शोधनिबंधांत रुळली. हे थर ज्यांतून साचले त्या सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून निघालेल्या वायूंचा डायनोसॉरच्या अंताशी संबंध लावण्याचे काम अमेरिकी भूशास्त्रज्ञ ड्यूई मॅक्लीन यांनी त्याच सुमारास सुरू केले होते. पण वायू तर केव्हाच उडून गेलेले. उष्ट्या पत्रावळींवरून पंगतीचा अंदाज बांधावा, तसलेच ते काम.

पुरावा सापडला तो अगदी बारीक जागी. स्फटिक वाढताना शिलारसाचे थेंब आत अडकतात आणि काच होऊन टिकतात. दख्खनमध्ये अशी काच दुर्मीळ, कारण बहुतेक खडक पाण्याने बदललेला. ज्वालामुखीतज्ज्ञ स्टीफन सेल्फ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तिच्यातले गंधक मोजले: टनामागे १,४०० ग्रॅमपर्यंत. क्लोरीन ९०० ग्रॅमपर्यंत.

काच बिघडवणाऱ्या त्याच पाण्याने पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींना जगभर नाव मिळवून दिले. लाव्हातल्या पोकळ्यांत नंतर पाझरलेल्या पाण्यातून तिथे स्टिल्बाइट आणि निळाशार कॅव्हन्साइट वाढले. दोन्ही खनिजांच्या रचनेतच पाणी आहे. हौशी संग्राहक रंगावर भाळतात, ते ठीकच. अभ्यासकाला मात्र इथे चक्राची उलटी बाजू दिसते, पाणी पुन्हा खडकात शिरण्याची.

कार्बनने सगळ्यांत जास्त दमवले. तो शिलारसात फारसा विरघळत नाही, त्यामुळे वर येताना सर्वांआधी सुटतो आणि थेंबांत थोडाच उरतो. तोही आता मोजला गेला आहे. २०२१ मधल्या एका अभ्यासाचे म्हणणे असे, की सुरुवातीच्या काळात खोल थबकलेल्या शिलारसानेच पुष्कळ कार्बन डायऑक्साइड सोडला असावा. तसे असेल, तर घाटातले थर कितीही काटेकोर मोजले तरी त्या काळच्या हवेचा हिशेब एवढ्यावर जुळणार नाही. पृष्ठभागावर कधीच न आलेला शिलारसही त्यात धरावा लागेल.