एअर ब्रेक कॉम्प्रेसर

अवजड वाहनांच्या ब्रेकसाठी लागणारी दाबाची हवा तयार करणारे, इंजिनावर बसवलेले दट्ट्याचे यंत्र. परिभाषेत याला ‘संपीडक’ म्हणतात. गॅरेजमध्ये तो शब्द कुणी उच्चारत नाही.

या यंत्राचे श्रेय सरसकट जॉर्ज वेस्टिंगहाउस यांना दिले जाते. त्यांचे १८६९ चे पेटंट मात्र आगगाडीच्या ब्रेकचे होते. १८७२ च्या सुमारास त्यांनी योजना उलटी केली : नळीतला दाब घटला की ब्रेक लागावा. ट्रकचा पायाचा ब्रेक आजही हवेचा दाब देऊनच लागतो. दाब गेल्यावर चाके धरण्याचे काम बरेच नंतर आलेल्या स्प्रिंग ब्रेककडे आहे. रस्त्यावरच्या वाहनांत हवेचा ब्रेक साधारणपणे १९२० च्या दशकात आला. युरोपात अग्रमान जर्मनीच्या क्नोर-ब्रेम्झ कंपनीला देतात आणि त्यासाठी बहुधा १९२३ हे वर्ष धरले जाते. अमेरिकेत १९३० मध्ये बेंडिक्स-वेस्टिंगहाउस ही स्वतंत्र कंपनी निघाली. रेल्वेचा पंप आणि ट्रकचा कॉम्प्रेसर यांना एकाच वंशावळीत बसवण्यापेक्षा वेगळे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कारण रेल्वेचा पंप बॉयलरमधून वेगळ्या घेतलेल्या वाफेवर चाले. दाब पुरेसा झाला की गव्हर्नर (दाबावर चालणारा नियंत्रक) वाफ तोडून त्याला थांबवी. ट्रकचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या गिअरला (जुन्या गाड्यांत पट्ट्याला) जोडलेला असतो, त्यामुळे इंजिन चालू असेतो त्याला सहसा थांबताच येत नाही.

यावरचा तोडगा म्हणजे अनलोडर. हवेच्या टाकीतला दाब दर चौरस इंचाला १२० ते १३० पौंडांच्या घरात पोचला की गव्हर्नर अनलोडरकडे हवा सोडतो. बहुतेक रचनांत त्यामुळे आत घेण्याच्या झडपा उघड्या राहतात आणि दट्ट्या नुसता वरखाली होतो. दाब १०० च्या आसपास उतरला की भरणे पुन्हा सुरू. यंत्राला वंगण इंजिनाच्याच ऑइलचे मिळते, हेड (सिलिंडरचे झाकण) थंड राखायला बहुधा इंजिनाचे पाणी.

बसवताना दोन गोष्टी नडतात. गॅस्केट उलटे किंवा दुसऱ्या मॉडेलचे पडले तर ऑइलचे भोक झाकले जाते : येणारे झाकले तर बेअरिंग जळते, परतीचे झाकले तर क्रँककेस (सिलिंडरखालची पेटी) भरून ऑइल दट्ट्याच्या रिंगांवरून वर चढते. काही इंजिनांवर एका सिलिंडरचा कॉम्प्रेसर टायमिंगची खूण जुळवूनच बसवावा लागतो, नाहीतर गिअर खडखडतात. डिलिव्हरी पाइप कॉम्प्रेसरपासून ड्रायरपर्यंत (हवेतले पाणी काढणारे उपकरण) सतत उतरता हवा. मध्ये झोळ राहिला की तिथे पाणी साचते आणि कडाक्याच्या थंडीत गोठते.

देखभालीत सर्वाधिक मतभेद ‘कॉम्प्रेसर ऑइल मारतो’, म्हणजे हवेसोबत ऑइल सोडतो, या तक्रारीवर आहेत. टाकीचा ड्रेन कॉक उघडल्यावर दुधाळ, तपकिरी पाणी आले की कारागीर थेट रिंगा बदलायला घेतो. उत्पादकांच्या पुस्तिकांचा कल निराळा आहे, आणि तोच ग्राह्य वाटतो : थोडे ऑइल हवेसोबत जाणारच, ते अती का जाते हे बाहेर शोधावे. हवेचा फिल्टर तुंबला की भरताना सिलिंडरमध्ये ओढ निर्माण होते आणि ऑइल खालून वर खेचले जाते. गाडीत कुठे हवेची गळती असेल तर कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही. भरण्याचा काळ एकूण वेळेच्या सुमारे चतुर्थांशाच्या आत असावा असा संकेत आहे. उसंत नाही म्हणजे हेड तापते. बाहेर पडणारी हवा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते आणि ऑइलचा कोळसा होतो. हेडपासून हातभर अंतरावर पाइप सोडवून पाहावा : आतून काळा, कडक थर आणि मधोमध पेन्सिल जेमतेम जाईल एवढे भोक, असा तो बऱ्याचदा निघतो. असा पाइप तसाच ठेवून नवा कॉम्प्रेसर चढवला तर तोही लवकरच ऑइल मारू लागतो. ड्रायरचे काडतूस ऑइलने माखले असेल तर तेही बदलावे लागते.

तपासणीसाठी अमेरिकी नियमांचे आकडे वापरात आहेत. इंजिन पूर्ण वेगात असताना दाब ८५ वरून १०० पौंडांवर साधारण ४५ सेकंदांत यावा. इंजिन बंद, ब्रेक सुटलेले असताना एकट्या ट्रकमध्ये मिनिटाला २ पौंडांहून अधिक घट नको. ट्रेलर जोडला असेल तर ३. दाब ६० च्या खाली जाण्याआधी धोक्याची सूचना वाजली पाहिजे. कॉम्प्रेसर उघडण्यापूर्वी चाकांना उटी (अडसर) लावून सगळ्या टाक्या रिकाम्या करतात.