प्लग बसला म्हणजे चित्र येतंच असं नाही

सन किंवा सिलिकॉन ग्राफिक्स या वर्कस्टेशन (ताकदवान संगणक) बनवणाऱ्या कंपन्यांचा जुना मॉनिटर हाती लागला की सल्ला ठरलेला: "१३डब्ल्यू३ ते व्हीजीए अडॅप्टर घे, लाव, झालं!" हा समज अर्धवट आहे.

तीन कोअ‍ॅक्स (रंगांच्या जाड, गोल जोडण्या) आणि दहा बारीक पिनांचा हा १३डब्ल्यू३ प्लग दोन्ही कंपन्यांनी वापरला, पण बारीक पिनांची मांडणी आपापली ठेवली. एकाचा अडॅप्टर दुसऱ्याला चालेलच असं नाही.

खरी गोम पुढे आहे. यातले बरेच मॉनिटर ठरावीक वारंवारतेवरच चालतात. सनचं नेहमीचं रिझोल्यूशन ११५२ × ९००, ६६ हर्ट्झ. म्हणजे न दिसणाऱ्या रेषा धरून सेकंदाला सुमारे ६१,८०० आडव्या रेषा. मॉनिटरची ओळख पटली नाही तर आजचा संगणक बहुधा कमी रिझोल्यूशनवर येतो; ६४० × ४८० असेल तर जेमतेम ३१,५०० रेषा. पडदा काळा. मॉनिटर बिघडलेला नसतो, त्याला ती लय पकडताच येत नाही. (कित्येक चांगले नग याच पायी भंगारात गेले असावेत.)

शिवाय व्हीजीएत आडवा-उभा सिंक (रेषा आणि चित्र कुठे सुरू करायचं ते सांगणारा संकेत) वेगवेगळा येतो. यातल्या बऱ्याच मॉनिटरना तो एकत्र लागतो, कधी हिरव्या रंगाच्या तारेवरूनच. म्हणून सिंक एकत्र करणारं छोटं सर्किट आणि लिनक्समध्ये हाताने लिहिलेली मोडलाइन (रिझोल्यूशन आणि वारंवारता ठरवणारी ओळ), दोन्ही हवं. संगणकाला फक्त एचडीएमआय असेल तर आधी अ‍ॅनालॉग कन्व्हर्टरही. सुरुवातीच्या सेटिंगसाठी दुसरा मॉनिटर शेजारी ठेवा.